निळी घागर राहू दे

बेटा,

तुझे बेचाळीस फोटो आले. व्हॉट्सअ‍ॅपवर आले म्हणून क्वालिटी मेलेली, तरी चष्मा पुसून दोनदा बघितले. हात चांगला आहे तुझा, ते तुलाही माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. पण खाली जे लिहिलंस ना, "काका, गंजगोलाईत दोन तास फिरले, एक फ्रेम मिळाली नाही, आपल्याकडं आता तसं काही राहिलंच नाही, पुण्याला जाऊ का", ते वाचून आधी हसू आलं आणि मग राग आला. १९१७ ची गोलाई ती, आपल्या लातूरची मुख्य बाजारपेठ. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, बांगड्यांपासून दोरखंडापर्यंत सगळं विकतंय, माणसाला माणूस घासतोय, आणि तुला एक फ्रेम मिळाली नाही!

मिळाली नाही कारण तू फ्रेम शोधत नव्हतीसच. तू चित्र शोधत होतीस, आधीच कुणीतरी काढून ठेवलेलं.

तो चौदावा फोटो घे. हापशावरची मावशी. डोक्यावर पदर, मागं सोनेरी ऊन, कमरेवर तांब्याची घागर, वायर नाही, पोल नाही, अगदी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. मला बघताक्षणीच खटकलं. हापशावर तांब्याची घागर घेऊन आलेली बाई मी शेवटची कधी बघितली ते आठवत नाही. फोन केला तर तू सरळ सांगून टाकलंस, तिच्याकडं निळी प्लास्टिकची होती, ती खाली ठेवायला लावली, घरून आजीची तांब्याची आणली, आणि मागचा पोल मोबाइलमध्येच पुसला, "दोन सेकंदात जातो काका". किती सहज बोललीस. मी पुढं काही बोललो नाही कारण दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून आता लिहितोय.

आहे ते राहू दे. एवढंच सांगायचंय खरं तर, पण एवढ्यानं तुला पटणार नाही आणि माझंही समाधान होणार नाही.

तुझ्या आजोबांच्या ट्रंकेतले जुने दिवाळी अंक तू बघितलेस, दीनानाथ दलालांची, रघुवीर मुळगावकरांची चित्रं बघितलीस, ठीक. मीपण त्यांच्यावरच वाढलो. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानात मुळगावकरांचं कॅलेंडर होतं, वर्ष संपलं तरी तो काढायचा नाही, खालच्या तारखा तेवढ्या फाडून टाकायचा. आणि आता रीलवर तुला तो अमेरिकन नॉर्मन रॉकवेल सापडलाय. छोट्या गावातला न्हावी, शाळेतली पोरं, डॉक्टर, म्हातारे, सगळं ऊबदार. तू म्हणतेस फोटो तसा दिसला पाहिजे. अगं, तो माणूस चित्रं काढायचा कशावरून माहितीये का? फोटोवरून! १९१६ ते १९६३ एकाच साप्ताहिकाला तीनशेच्या वर मुखपृष्ठं दिली त्यानं, आणि तिशीच्या दशकापासून तर आधी शेजारपाजारच्या लोकांना उभं करायचा, हावभाव करून दाखवायचा, फोटोग्राफरकडून ढीगभर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून घ्यायचा, मग एकातलं डोकं, दुसऱ्यातला हात असं जुळवत चित्र रंगवायचा. म्हणजे नको ते गाळायचं काम ब्रश करत होता. ते त्याचं कामच होतं, आणि बघणाऱ्यालाही माहीत असतं की हे चित्र आहे. फोटो बघणारा मात्र समजून चालतो की ही बाई अशीच आली होती हापशावर.

चित्रकारांकडून शिकायचंच असेल तर वेगळं काहीतरी शीक. रॉकवेलची चित्रं नीट बघ, रंग सोड, माणसांचे डोळे कुठं लागलेत ते बघ. मग दसरा झाला की एकदा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात जा, सोयाबीनची आवक जोरात असते तेव्हा. आडतीवर व्यापारी पोत्यात ती लोखंडी नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो आणि ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकतो. मशीन केवढं, टिफिनएवढं. पण त्या क्षणाला शेतकरी, त्याचा पोरगा, हमाल, शेजारचा दुसरा शेतकरी ज्याचा नंबर अजून यायचाय, सगळ्यांचे डोळे त्या एका आकड्यावर. बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव कापणार. शेतकरी नुसता ओठ चावतो. त्याचा पोरगा मोबाइल खिशात ठेवतो. एकदा तर हमाल हातातला चहा तसाच धरून उभा राहिला, प्यायलाच नाही. रॉकवेल असता तर तिथंच बूड टेकून बसला असता! आणि मागं काय, प्लास्टिकच्या गोण्या, डिजिटल बॅनर, कुणाच्या तरी वाढदिवसाचे शुभेच्छुक. राहू दे सगळं. बॅनरवरच्या फेट्याखाली उघड्या डोक्याचा शेतकरी, हे तुला कुठला चित्रकार देणारे?

आता तू म्हणशील काकांना बोलायला काय जातंय. तर ऐक, मी कुठून बोलतोय ते.

१९९१-९२ ची गोष्ट. किल्लारीकडच्या बाजूला तेरणेकाठच्या एका गावात मी तीन दिवस होतो, मित्राचं आजोळ. नवा यशिका कॅमेरा, इंदू फिल्मचे तीन रोल, म्हणजे एकशेआठ फोटो, आणि ते पैसे कसे जमवले ते विचारू नको. तुझ्यासारखंच डोक्यात भरलेलं होतं, चित्रासारखा फोटो. मावळतीला बैलगाडी काळी सावली करून घेतली. पाणी आणणारी बाई, तीपण काळी सावली. म्हाताऱ्याचे नुसते सुरकुतलेले हात. गल्लीत घुसलो तर दगड-मातीची घरं खेटून खेटून, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, एका भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, एका माळवदावर टीव्हीचा अँटेना. ते सगळं मी इमानदारीनं टाळलं. सायकलचा टायर फिरवत एक पोरगं सारखं फ्रेममध्ये यायचं, त्याला चार वेळा हाकललं. पाचव्यांदा ते आलंच नाही, बिचारं रुसलं असेल. त्यातल्या एका फोटोला नंतर स्पर्धेत मेडल मिळालं, तेव्हा असल्याच फोटोंना मिळायचं.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजता भूकंपात काय झालं ते तुला शाळेत सांगितलंय. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते, आणि तीच माळवदं अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं उठून नव्या जागी वसवावी लागली, सरळ रस्ते, सिमेंटची घरं, नंबर टाकलेली. माझ्या त्या गावाच्या जुन्या जागी नंतर बाभळी उगवल्या.

दिवाळीनंतर एक माणूस दुकानात आला. हाताला प्लास्टर. म्हणाला, "भाऊ, तुम्ही आमच्या गावात फोटो काढले व्हते म्हनं. आमची गल्ली हाय का त्यात?"

मी सगळे काँटॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्हएवढे छोटे फोटो, काढून त्याच्यासमोर ठेवले. तो एकेकावर बोट ठेवून विचारायचा, ही कोण? मला काय माहीत कोण, काळी सावली आहे. त्यालाही ओळखता येईना, गावातलाच माणूस तो. म्हाताऱ्याच्या हातांवर बराच वेळ थांबला, मग पुढं गेला. मेडलचा फोटो तर त्यानं बघितल्या न बघितल्यासारखा केला.

कॅमेऱ्यात नवा रोल भरला की दोन-तीन शॉट वाया मारायचे असतात, लाइट लागलेली फिल्म पुढं सरकवायला. तू रोल वापरला नाहीस, तुला सांगून कळणार नाही, कॅमेरा कुठंही धरून नुसतं बटण दाबायचं. दुसरा रोल मी त्या गल्लीत उभं राहून भरला होता. त्यातला एक वाया शॉट आला होता, तिरका, अर्धा पांढरा जळालेला, आणि उरलेल्या अर्ध्यात दोन घरांची दारं, ओट्यावरची बादली, एक पोल आणि टायरवाल्या पोराचा एक पाय. तो माणूस त्यावर थबकला. म्हणाला, "ह्ये भावाचं दार." मला मोठा प्रिंट करून मागितला. मी करून दिला. पैसे घेतले नाहीत, पण ते काही सांगण्यासारखं नाही.

एकशेआठांच्या बाहेरचा एक, तोसुद्धा मी काढलेला नाही म्हण.

आता यात माझी चूक किती होती यावर मी लई वर्षं स्वतःशी भांडलोय. भूकंप होणार हे मला कुठं माहीत होतं? तेव्हा सगळेच तसे फोटो काढायचे, आम्हाला शिकवलंच तसं होतं, की बॅकग्राउंड साफ ठेवा. आणि धंदा काय होता माझा, स्टुडिओत मागं बागेचा रंगवलेला पडदा लावून पुढं माणूस उभा करायचा. पडदे लावूनच पोरं शिकवली मी. त्यामुळं मी वाईट फोटोग्राफर होतो असं मी म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस. फक्त त्या प्लास्टरवाल्या माणसापुढं मला जे वाटलं ते तुला वाटू नये.

आणि मी तुला कचरा दाखवायला सांगतोय असं समजू नको हं. उकिरडे आणि फाटके कपडे शोधत फिरणारे वेगळेच असतात, त्यांचंही एक चित्र आधीच ठरलेलं असतं. मी म्हणतोय समोर जे आहे ते राहू दे, बस. पोर्ट्रेट मोड बंद कर, मागचं धूसर करणं म्हणजे पुसणंच आहे. तो पिवळट फिल्टर काढून टाक. पसारा फार झाला तर तू हल, दोन पावलं डावीकडं जा, गुडघ्यावर बस, थांब, लोकांना नको हलवू. अजिंठ्याला सहलीत गेली होतीस ना? दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिंतींवर बघ कसं खच्चून भरलंय, राजाराणी, दासी, माकडं, झाडं, खांब. बॅकग्राउंड साफ ठेवा असं त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मला तरी कुठं जमतंय पूर्ण? परवा नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोतून मी स्वतःच गॅसचं सिलेंडर कापलं. सून म्हणाली छान आला फोटो. रात्री झोप येईना, उठून परत पूर्ण सेव्ह केला.

पुण्याचं म्हणशील तर जा, शिकायला जा, मी कोण अडवणार. पण इथं काही राहिलं नाही म्हणून जाऊ नको, ते खोटं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, तेव्हा तू लहान होतीस. त्या उन्हाळ्यात टँकरच्या वाटेवर घागरी रांगेत उभ्या असायच्या आणि माणसं लांब सावलीत. घागर म्हणजेच नंबर. अदलाबदल नको म्हणून प्रत्येकीवर ऑइल पेंटनं नाव टाकलेलं, कुणाचं आडनाव, कुणाचं नुसतं "संगीताची आई". भांडण व्हायचं तेही घागरीवरून, "माझी कुणी सरकवली" म्हणून. मी तेव्हा रांगाच्या रांगा काढल्या, एकही माणूस नसलेल्या, आणि ते माझे सगळ्यात जास्त माणसं असलेले फोटो आहेत.

म्हणून तुझा चौदावा फोटो सारखा उघडून बघतोय. खाली डाव्या कोपऱ्यात, ओट्याच्या कडेला, थोडीशी निळी कड दिसते. पुसायची राहिली तुझ्याकडून. त्यावर पांढऱ्या पेंटची दोन अक्षरं आहेत, "शां" आणि पुढं अर्धं काहीतरी, बाकी फ्रेमच्या बाहेर गेलंय.

मावशीला तांब्याची घागर द्यायच्या आधी तू एखादा तरी फोटो घेतला असशील, सगळेच घेतात. डिलीट केला असेल तर ट्रॅशमध्ये बघ. सापडला तर मला डॉक्युमेंट म्हणून पाठव, नुसता फोटो म्हणून नको, अक्षरं फुटतात. मला ते नाव वाचायचंय.

तुझा,
काका