काठी आधी, यंत्र नंतर

प्रश्न : माझा भाऊ २४ वर्षांचा आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे त्याची नजर आक्रसत चाललीय. अंधार पडला की अशोक चौकाजवळच्या ओळखीच्या बोळातही तो धडपडतो. पांढरी काठी घ्यायला मात्र तयार नाही, लोक काय म्हणतील म्हणतो. कॅमेरा बसवलेला, समोरचं बोलून सांगणारा चष्मा एका नातेवाइकांनी सुचवलाय. वडील यंत्रमागावर कामाला आहेत. दिवाळीच्या बोनसात भर घालून चष्मा घ्यावा, की थरथरणारी स्मार्ट काठी?
– एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, बोनसला इतक्यात हात लावू नका. मी स्वतः पूर्ण अंध आहे, लष्कर भागात राहते आणि एकटी फिरते, म्हणून हे ठामपणे सांगते. चष्मा पाटी वाचून दाखवील, समोर कोण आहे ते कदाचित सांगेल. पण पुढचं पाऊल कुठं पडणार आहे, हे त्याच्या भरवशावर ठरवता येत नाही. शिवाय वाचनाचं बरंचसं काम साध्या मोबाइलवर फुकट होतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक अँड्रॉइड फोनमध्येच असतं. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं २०२० मध्ये आलेलं ‘मनी’ ॲप आहे, त्याला इंटरनेटही लागत नाही.

आता स्मार्ट काठीकडे वळू. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये बाजारात आली. नेहमीच्या पांढऱ्या काठीच्या मुठीवर एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज ते पुढे सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून अंतर काढतं. साधारण तीन मीटरच्या आत काही असेल तर मूठ थरथरते. अडथळा जवळ येईल तशी थरथरण्याची तऱ्हा बदलते. गर्दीसाठी कमी पल्ला लावता येतो. नव्या पेठेत संध्याकाळी तोच लावावा, नाहीतर हात सारखा थरथरत राहतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

हे यंत्र गुडघ्याच्या वरचं ओळखतं, आणि साध्या काठीची उणीव नेमकी तिथंच आहे. चादरींचे गठ्ठे बाहेर आलेला टेम्पो, उघडं राहिलेलं फाळकं, दुकानापुढे डोक्याच्या उंचीवर आलेला पत्रा, या कशालाही काठीचं टोक लागत नाही. ते थेट कपाळाला लागतं. तुमच्या पूर्व भागात तर मागांचा खडखडाट इतका असतो की कानाचा उपयोग निम्म्यावर येतो. मागून येणारी रिक्षा ऐकू येत नाही, भिंत जवळ आल्याचा आवाजातला फरकही कळत नाही. अशा ठिकाणी तळहाताला मिळणारी खूण फार मोलाची असते. निदान समोरचं तरी कळतं.

पण उघडं गटार, खोदून ठेवलेला चर, निखळलेली फरशी हे यंत्राला कळत नाही. ते काम काठीच्या टोकाचं. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी काठी चालवायला शिकायची. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे टेकलं पाहिजे, उजवा पडताना डावीकडे. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि ते शिकवणाऱ्या माणसाकडूनच शिकावं. जवळच्या अंधशाळेत किंवा अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेत चौकशी करा. हात बसला की मग यंत्र जोडा. भावाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल आणि घरचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून साहाय्यक साधनं मिळतात. स्मार्ट काठीसाठी अर्ज तिथंच करून बघा.

आणि लाजेबद्दल. या आजारात समोरचं थोडं दिसतं, पण कडेचं आणि पायाखालचं निसटतं. त्यामुळे तुमचा भाऊ कुणाला धडकला तर लोकांना वाटतं, पोरगा प्यालाय. असे शब्द त्याने ऐकलेही असतील. काठी हातात असली की रिक्षावाला आपोआप वेग कमी करतो, माणसं बाजूला होतात. त्याला घडीची काठी द्या. दिवसा पिशवीत राहू दे, अंधार पडला की उघडू दे. जबरदस्ती मात्र करू नका. स्वतः काठी घेऊन फिरणाऱ्या एखाद्या तरुणाशी त्याची गाठ घालून द्या. तुमच्या-माझ्या सांगण्यापेक्षा त्याचं बोलणं त्याला पटेल.

प्रश्न : सात रस्ता चौकात अंध व्यक्ती दिसली की मी हात धरून पलीकडे नेतो. हे बरोबर आहे ना?
– एक महाविद्यालयीन वाचक

उत्तर : तुमची तळमळ मनापासून आवडली. पण दादा, आधी विचारा. कदाचित त्यांना पलीकडे जायचंच नसेल. हो म्हणाले तर तुमचं कोपर त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. काठी ओढू नका, काठीचा हातही धरू नका. फुटपाथची पायरी आली की चढायची की उतरायची ते सांगा. आणि पलीकडे पोचल्यावर ‘मी निघतो’ असं तोंडाने बोलून मगच निघा.