ताई, विचारायचं होतं: दुकानातला खाऊ घरी करताना

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की मुलांचा आवडता पाकिटातला खाऊ एकदम बंद करू नका, त्यातला एखादा तरी घरी करून बघा. त्यावर भरपूर प्रश्न आलेत, सगळे घेता येणार नाहीत, पण जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते घेते.

ताई, माझी मुलं रोज क्रीमची बिस्किटं मागतात म्हणून मी नाचणी आणि गुळाची बिस्किटं केली, पण ती हातात घेतली की भुगा होतो आणि मुलं म्हणतात रेती खातोय असं वाटतं. कुठे चुकतंय? आणि गूळ किती घातला तर चालेल? (एक आई, म्हापसा)

नुसत्या नाचणीची केलीत ना? तिथेच आहे सगळं. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ एकमेकाला धरून राहत नाही. निम्मी कणीक घाला. मी सांगते ते प्रमाण घ्या: 100 ग्रॅम नाचणीचं पीठ, 100 ग्रॅम कणीक, 90 ग्रॅम तूप, 70 ग्रॅम गूळ, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि लागेल तसं दोन-तीन चमचे दूध. नाचणीचं पीठ आधी मंद गॅसवर खमंग वास येईपर्यंत भाजा, नाहीतर कच्चट लागतं, आणि ते रेतीसारखं लागणं पण बरंचसं त्यामुळेच असतं. पीठ बारीक चाळणीने चाळून घ्या.

गूळ माडाचा मिळाला तर फारच छान, तुमच्या म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी बायका काळ्या ढेपा घेऊन बसलेल्या असतात त्यांच्याकडचा घ्या. हा गूळ ओलसर असतो, मिक्सरला लावला की चिकटून बसतो, तेव्हा किसून घ्या आणि तुपात हाताने चोळत बसा, एकही गुठळी न राहता पूर्ण मऊ होईपर्यंत, मगच पीठ घाला. गोळा फार मळायचा नाही, नुसता एकत्र करायचा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचा म्हणजे नाचणी दूध पिऊन घेते आणि लाटताना चिरा कमी पडतात. ओव्हनमध्ये 170 डिग्रीवर 15 ते 18 मिनिटं. आता एक अडचण अशी की नाचणी मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून झालंय की नाही ते कळतच नाही. कडेला बोट लावून बघा, कड घट्ट आणि मध्ये जरा मऊ असेल तर काढा. गरम असताना मऊच लागतात, उचलायला जाल तर मोडतील, ट्रेवरच पूर्ण गार होऊ द्या.

या प्रमाणात साधारण 26 बिस्किटं होतात म्हणजे एका बिस्किटात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास गूळ आणि साडेतीन ग्रॅम तूप जातं. दुपारच्या दुधाबरोबर दोन द्या, बिनधास्त द्या. पुढच्या खेपेला गूळ 60 वर आणा, मुलांना कळणारही नाही, जिभेला सवय हळूहळूच लागते.

एक सांगायलाच हवं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम, हे बरोबर आहे, पण दोन बिस्किटांत नाचणी जेमतेम आठ ग्रॅम जाते, त्यामुळे मुलांना नाचणी मिळावी म्हणून बिस्किटं करत असाल तर त्यापेक्षा सकाळी वाटीभर तिजाण (नाचणीची पेज) द्या, नारळाचा रोस म्हणजे दूध घालून, जरासा गूळ घालून. बिस्किट हा खाऊ आहे, खाऊ म्हणूनच द्यायचा.

मी घरी सगळं गोड साखरेऐवजी गूळ, मध नाहीतर खजूर घालून करते. सासूबाईंना डायबिटीस आहे, मग हे त्यांना चालेल ना? (फोंडा)

नाही हो, असं धरून चालू नका. हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की मला काळजी वाटायला लागलीय. गुळात बहुतेक सगळी साखरच असते, मधात सुद्धा साखरच, आणि खजुराच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग साखर असते, फक्त त्याच्याबरोबर थोडे तंतू येतात. रक्तातली साखर या सगळ्यांनी वाढते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर मोजताना मध आणि पाक पण त्यातच धरते, आणि निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅमच्या आसपास, सहा चहाचे चमचे. त्यात गुळाचा चहा पण आला आणि मधाचं पाणी पण आलं.

तेव्हा खाऊ घरचा असण्याचा फायदा असा की किती घालायचं ते तुमच्या हातात असतं. गूळ घातला पण साखरेइतकाच घातला तर सासूबाईंच्या दृष्टीने काही बदललं नाही. त्यांच्यासाठी भाजलेले शेंगदाणे, चणे, मूठभर काजू, काकडीचे काप असं काहीतरी डब्यात भरून त्यांच्या हाताशी ठेवा. चवथीला नेवरी (करंजी), नाताळाला दोदोल या गोड वडीचा तुकडा हे डॉक्टरांना विचारून जेवणानंतर थोडंसं, कारण सणाला सगळे खात असताना एकट्या माणसाला रिकामी बशी देणं मला तरी पटत नाही. आणि मधाचा विषय निघालाच आहे तर, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका, त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

एअर फ्रायर घेतलाय, बटाट्याचे आणि निरफणसाचे चिप्स करते, पण एकतर करपतात नाहीतर तासाभरात मऊ पडतात. (मडगाव)

बटाटे फ्रीजमध्ये ठेवता का? ठेवत असाल तर आधी बाहेर काढा. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि मग चिप्स आतून शिजायच्या आधी वरून काळे पडतात, शिवाय असं जास्त तांबूस झालेल्या बटाट्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायनही जास्त तयार होतं. फिकट सोनेरी झाले की थांबायचं. काप केल्यावर पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा, मग अर्धा तास पाण्यात ठेवा, मग कापडावर पसरून खरंच कोरडे करा, नुसतं टिपल्यासारखं करू नका. तेल चमचाभर पुरतं, सगळ्या कापांना हाताने लावा. आणि एकावर एक टाकू नका हो, एअर फ्रायरमध्ये वारा फिरला पाहिजे, गर्दी केली की काप वाफेवर शिजतात. 160 डिग्री, मधून मधून हलवत. मीठ शेवटी, आधी घातलं तर पाणी सुटतं.

मऊ पडण्याचं म्हणाल तर आपल्याकडची हवाच दमट, पावसात तर विचारूच नका. चिप्स पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरले तर आतल्या आत घाम सुटतो. तरी मऊ पडले तर दोन-तीन मिनिटं परत गरम करा. दुकानातल्या पाकिटात नायट्रोजन भरलेला असतो, आपल्या डब्यात नाही, त्यामुळे आठवडाभराचे करून ठेवायच्या भानगडीत पडू नका.

निरफणसाचं मात्र मला मनापासून वाटतं, त्याचे चिप्स कशाला? जाडसर काप करा, हळद, तिखट, मीठ, आगळाचे (कोकमाच्या खारट रसाचे) दोन थेंब लावा, रव्यात घोळवा आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजा. बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखं मऊ, आणि मुलं मासळीच्या तुकड्यासारखं मटकावतात.

चॉकलेट स्प्रेड घरी होतं का? (पेडणे)

होतं, आणि आपल्याकडे काजू असताना तर व्हायलाच पाहिजे. विकतच्या बाटलीमागे घटक वाचा, जो घटक वजनाने सर्वात जास्त तो पहिला लिहायचा असा नियम आहे, आणि बऱ्याच बाटल्यांवर पहिली साखर आणि दुसरं पाम तेल दिसेल. घरी 200 ग्रॅम काजू (तुकडा घ्या, स्वस्त पडतो) भाजून मिक्सरला लावा. आधी पूड होते, मग गोळा होतो आणि वाटतं आता बिघडलं, पण थांबत थांबत फिरवत राहा, मिक्सर तापू देऊ नका, हळूहळू तेल सुटून पातळ होतं. मग 25 ग्रॅम कोको, 40 ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर खाण्याचं खोबरेल आणि किंचित मीठ. पाण्याचा थेंब नको, लगेच घट्ट गोळा होतो, म्हणूनच इथे ओला गूळ किंवा खजूर घालत नाही. ब्रेडऐवजी पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) पोईला, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावाला, लावून द्या.

इन्स्टंट नूडल्स सोडवत नाहीत. (वास्को)

मग मसाल्याचं पाकीट अर्धंच घाला, मीठ बहुतेक त्यातच असतं, आणि नूडल्स निम्म्या घेऊन बाकी गाजर, बीन्स, एक अंडं. घरात शिरवळ्यांचा साचा असेल तर तांदळाच्या ताज्या शिरवळ्या कांद्या-मिरचीवर परतून बघा, रविवारी सगळे मिळून साचा फिरवायला मजा येते.

ताई, मी आठवीत आहे. मला आईस्क्रीम खूप आवडतं पण आई म्हणते रोज नको. मी स्वतः करू शकेन असं काही आहे का, मशीन नसताना? (काणकोण)

बाय, आहे ना! आधी एक गंमत बघ, दुकानात जाशील तेव्हा कपावर आईस्क्रीम लिहिलंय की फ्रोझन डेझर्ट ते वाच. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेलं असतं.

आता तुझं आईस्क्रीम. मानकुराद आंबे चांगले पिकलेले असतील तेव्हा दोन कप गर काढ, अर्धा कप नारळाचा दाट रोस घाल, पहिला रोस बरं का, पाणी घालून काढलेला पातळ नको, कारण त्यातल्या स्निग्धपणामुळेच बर्फाचे खडे कमी होतात. साखर घालू नकोस. गार झाल्यावर गोडी जिभेला कमी कळते हे खरं, पण मानकुरादाला पुरून उरते. पसरट डब्यात फ्रीझरमध्ये ठेव आणि दर तासाने काट्याने खरवडून ढवळ, तीन-चार वेळा, आणि खायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढ. आंबे संपले की जास्त पिकलेली केळी चकत्या करून रात्रभर गोठव आणि सकाळी मिक्सरला फिरव, नुसत्या केळ्याचं इतकं मऊ होतं की आईला सांगून पटणार नाही.

आणि उन्हाळ्यात भिरंडांची (कोकमाच्या फळांची) कांडी कर. ताजी भिरंडं पाण्यात कुस्करून गाळ, थोडं जिरं, चार कपांना दोन चमचे साखर, साच्यात ओत, काडी खोच. आगळ वापरू नकोस, त्यात मीठ असतं. आणि भिरंड आंबट असतं म्हणून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कुस्कर, ॲल्युमिनियमच्या टोपात नको.