पुण्यात महापालिकेच्या मोकळ्या भूखंडावर वस्तीसाठी पर्जन्यबाग करता येईल का?

पर्जन्यबाग म्हणजे छतांवरून वाहून येणारे पावसाचे पाणी जमिनीत जिरवणारी खोलगट बाग. ती करता येईल, मात्र पहिली कुदळ मारण्यापूर्वी मालमत्ता व्यवस्थापन आणि उद्यान या दोन्ही विभागांची लेखी परवानगी घ्या, कारण त्या भूखंडावर आरक्षण असल्यास तुमची मेहनत वाया जाईल.

त्यानंतर मातीची परीक्षा करावी. हातभर खोल खड्डा पाण्याने भरून ते जिरू द्यावे, पुन्हा भरावे आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. काळ्या चिकणमातीत ते दिवसभरही तसेच राहिले, तर तिथली माती काढून वाळू आणि कंपोस्ट मिसळलेली माती भरावी लागते. शंभर चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे २,५०० लिटर पाणी वाहते, म्हणून बशीसारखा वीतभर खोल उतार आणि जादा पाण्यासाठी गटाराकडे वाट हवीच. कडेला वाळा, मध्यभागी कर्दळ लावावी.

डासांची भीती शेजारी हमखास बोलून दाखवतील आणि ती रास्तच आहे. परंतु अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो, त्यामुळे पाणी दोन दिवसांत जिरणारी बाग त्यांना थारा देत नाही.