हाड पोखरणाऱ्या पेशींना कामाला लावतं कोण?
चक्क हाड बांधणाऱ्या पेशीच, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. हा तर्क गिडिऑन रोडन आणि टी. जॉन मार्टिन या संशोधकांनी १९८१ मध्ये मांडला. मेख अशी होती की पॅराथायरॉइड हार्मोन वाढलं की हाड झिजतं, पण त्याचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोनचा निरोप पकडणारे रेणू, सापडत होते ऑस्टिओब्लास्टवर; हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्टवर नाहीत. म्हणजे निरोप कुणामार्फत तरी जात असणार. तो निरोप्या १९९८ मध्ये हाती लागला: रँक-लिगँड नावाचं प्रथिन. ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, सहा महिन्यांतून एकदा देतात ते डेनोसुमॅबचं इंजेक्शन नेमकं यालाच अडवतं. फक्त एक दुरुस्ती: २०११ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की वाढ झालेल्या हाडात हे प्रथिन मुख्यतः आत गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशी पुरवतात. अर्थात त्याही मूळच्या ऑस्टिओब्लास्टच म्हणा.