ध्यान सुरू केल्यापासून रात्री छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं, ही वाईट शक्ती असेल का?

मला तरी नाही वाटत. तुम्ही सांगताय, जाग आली पण हात हलेना, तोंडातून आवाज फुटेना, खोलीत कोणीतरी आहे असं वाटलं, याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू स्नायू ढिले करून ठेवतो, आपण स्वप्नात धावलो तरी खरंच धावू नये म्हणून, आणि कधीकधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागून, बस एवढंच. काही सेकंद, फार तर एखाद-दोन मिनिटं. उताणं झोपलं, झोप अपुरी झाली की जास्त होतं (पहाटे लवकर उठून ध्यान करताय ना? मग झोप कमी पडत असेल बघा).

आता भुतं असतात की नाही या वादात मी पडत नाही. पण जुन्या साधकांनीही हे सगळं बाहेरच शोधलं नाही, चौथ्या शतकातला ख्रिस्ती साधू इव्हॅग्रियस तर राक्षसांबद्दल लिहिताना राग, उदासी, गर्व अशा आठ विचारांचीच यादी देतो. बुद्धाच्या गोष्टींत मार नावाचा, साधनेपासून भुलवणारा राक्षस येतो, बुद्ध त्याला फक्त ओळखतो आणि तो खट्टू होऊन निघून जातो.

परत झालं तर धडपडू नका, श्वासाकडे लक्ष द्या, एक बोट हलवायचा प्रयत्न करा. वारंवार होत असेल तर डॉक्टरला दाखवा, आणि उतारा करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार.