परत मागायला लावू नका

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. इथे अमेरिकेत काही राज्यांत न्यायाधीश निवडून देतात, काही ठिकाणी नेमतात. तुझे प्राध्यापक म्हणतात नेमलेलेच बरे. खोलीवरच्या मैत्रिणी म्हणतात, लोकांना विचारायचंच नसेल तर लोकशाही कसली? त्यात एका न्यायाधीशाच्या प्रचार समितीने तुला कामाला बोलावलंय आणि तुझं डोकं भंजाळलंय. ते समजलं. पण तुम्ही सगळेच माणूस आत कसा आला यावर भांडताय. खुर्चीवर बसल्यावर ती टिकवायला त्याला परत कुणाकडे मागायला जावं लागतं, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे. पुढे तेच तेच येईल, कंटाळलीस तरी वाच.

निवडणुकीची टिंगल करायची तर मी तुझ्या प्राध्यापकांपेक्षा चांगली करीन. आमच्या फिलाडेल्फियात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीच्या मतपत्रिकेवर कुणाचं नाव कुठे, हे चिठ्ठ्या काढून ठरतं. चिठ्ठ्या असतात हॉर्न अँड हार्डार्टच्या कॉफीच्या जुन्या डब्यात. ती उपाहारगृहं कधीच बंद पडली, डबा मात्र चालू आहे. सुटाबुटातली माणसं रांगेने येऊन त्यात हात घालतात. वरचा नंबर लागला की चेहरा फुलतो, तळाचा लागला की वीस वर्षांची वकिली तिथेच आडवी, कारण अनोळखी नावांच्या यादीत मतदार वरच्या वर खुणा करून मोकळा होतो. हसू येतं ना? मलाही येतं.

पण ज्यांनी ही पद्धत आणली ते काही खुळे नव्हते. मिसिसिपीने १८३२ मध्ये सगळे न्यायाधीश निवडून द्यायचं ठरवलं, न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेत तेच केलं, आणि मग रांगच लागली. कारण नेमलेले न्यायाधीश राज्यपालाच्या आणि पुढाऱ्यांच्या ओंजळीने पाणी पितात, असं लोकांना दिसत होतं. न्यायाधीश स्वतंत्र व्हावा म्हणूनच निवडणूक आली. तेव्हा मैत्रिणींना उडवून लावू नकोस.

बिघडतं ते नंतर. आपल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर दहा वर्षांसाठी येतो, मग 'ठेवू की नको' एवढाच प्रश्न मतदारांपुढे जातो. २००५ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने मध्यरात्रीनंतर पगारवाढ उरकून घेतली. लोक खवळले, पण त्या नोव्हेंबरात आमदार मतपत्रिकेवर नव्हतेच. होते न्यायमूर्ती रसेल निग्रो. त्यांना घरी पाठवलं. आपल्या राज्यात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती असा जाण्याची ती पहिली वेळ. याला तुझ्या मैत्रिणी उत्तरदायित्व म्हणतात का, विचार त्यांना.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. दोन राज्यशास्त्रज्ञांनी आपल्याच राज्यातल्या शिक्षांचा अभ्यास करून २००४ मध्ये छापला. न्यायाधीशाचं फेरमतदान जवळ येतं तशा शिक्षा लांबत जातात. गुन्हा तोच, कायदा तोच, फक्त कॅलेंडर वेगळं. आणि त्या न्यायाधीशाला हे कळतही नसेल! कॅलिफोर्नियाचे न्यायमूर्ती ओटो काउस म्हणायचे की हे म्हणजे सकाळी दाढी करायला जावं आणि न्हाणीघराच्या टबात मगर असावी तसं. तिच्याकडे बघायचं नाही असं कितीही ठरवलं तरी ती आहे हे विसरता येत नाही. १९८६ मध्ये त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड आणि दोन सहकाऱ्यांना मतदारांनी काढलं, फाशीच्या प्रश्नावरून.

लगेच प्राध्यापकांच्या बाजूला पळू नकोस. नदी ओलांडून न्यू जर्सीत ये. तिथे राज्यपाल नेमतो, सात वर्षांनी पुन्हा नेमतो, मग सत्तरीपर्यंत निर्धास्त. २०१० मध्ये राज्यपाल क्रिस क्रिस्टींनी न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांना पुन्हा नेमलंच नाही. सत्तरीला दोन वर्षंही उरली नव्हती. मतपत्रिका नाही, कॉफीचा डबा नाही, तरी रोग तोच. परत मागायला लागतं, म्हणून.

आपल्या भारतात तरी काय वेगळं? आणीबाणीत न्यायमूर्ती खन्नांनी एकट्याने सरकारविरुद्ध मत दिलं, १९७७ मध्ये त्यांना डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश केलं. तू रामशास्त्र्यांचा दाखला दिलास. बरोबर, पेशव्यांनीच नेमले होते ते. पण राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगून पद सोडून निघाले, कारण त्यांना परत काही मागायचं नव्हतं. सगळेच रामशास्त्री निघतील या भरवशावर राज्यघटना लिहीत नाहीत, बाई.

मला निवडणूकही चालेल, नेमणूकही चालेल. एकदाच, लांब मुदतीसाठी, आणि मुदत संपली की घरी. गैरवर्तन केलं तर शिस्तपालन मंडळ आहे, महाभियोग आहे. पण निकाल आवडला नाही म्हणून खुर्ची हलवायची नाही. ऱ्होड आयलंडने आपल्या न्यायमूर्तींना तहहयात ठेवलंय, तिथे आभाळ कोसळलेलं नाही.

मलाही उभं राहा म्हणून आग्रह झाला होता, तुला माहीत नसेल. नियमाने उमेदवार स्वतः पैसे मागत नाही, समिती मागते. मागते कुणाकडे? जे वकील उद्या त्याच्यासमोर उभे राहणार त्यांच्याकडेच. आणि यादी काय त्याला दिसत नाही होय? मी नाही म्हटलं. तुझी काकू अजून म्हणते, घाबरलात. घाबरलो नव्हतो. आजवर एकाही न्यायाधीशाच्या समितीला मी चेक दिलेला नाही, ऑफिसात त्यावरून चिंगूस म्हणवून घेतलंय, आणि मीच हात पसरायचा? खंत आहे. बरा न्यायाधीश झालो असतो, असं अजून वाटतं. पण आज कुणी विचारलं तरी नाहीच म्हणेन, आणि यात ताठा असेल तर असू दे.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर काम घे. दारोदार फिर, लोक न्यायाधीशाबद्दल काय विचारतात ते एकदा ऐकच. वकिलांच्या यादीला आणि देणग्यांच्या फोनला मात्र हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. 'आमचा माणूस गुन्हेगारांना सोडणार नाही' असं छापलेलं पत्रक हातात दिलं तर परत कर. एवढ्यावर त्यांनी नको म्हटलं तर उन्हाळ्यात माझ्या ऑफिसात ये, अपिलांचे कागद लावायला माणूस हवाच आहे. शुक्रवारपर्यंत कळव, मला इथे सांगावं लागेल.

तुझा,
काका