पाइप फुटला? फेकण्याआधी नीट बघा

दिवाळीनंतर रस्त्याची, कालव्याची, ऊसतोडीची कामं एकदम सुरू होतात. चार महिने पावसात उभी राहिलेली मशिनं बाहेर पडतात आणि आमच्या दुकानातलं पाइप प्रेस करायचं मशीन रात्रीपर्यंत थांबत नाही. या वेळची पत्रंही जवळपास सगळी हायड्रॉलिक पाइपचीच आहेत.

मिस्त्री, माझ्या बॅकहो लोडरचा मागचा, डिपरच्या (बकेट धरणाऱ्या पुढच्या दांड्याच्या) जॅकला जाणारा अर्धा इंची पाइप दर दीड-दोन महिन्यांनी फुटतो. दर वेळी नवा डबल वायरचा, म्हणजे आत तारेची दोन पदरी जाळी असलेला, टाकतो. दुकान बदललं, कंपनी बदलली, तरी फुटतो तिथंच. डुप्लिकेट माल मिळतोय का? — एक मशीनमालक, बार्शी

दुकान बदललं, कंपनी बदलली, फुटायची जागा मात्र बदलली नाही. म्हणजे दोष मालात कमी आणि त्या जागेत जास्त असणार. डुप्लिकेट माल बाजारात आहे हे खरं, पण तो दर वेळी एकाच ठिकाणी फुटत नाही.

शेवटचा फुटलेला पाइप टाकून दिला नसेल तर उन्हात घेऊन बसा. फेरूलपासून, म्हणजे पाइपच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या कड्यापासून, चार बोटांच्या आत फुटला असेल, तर पाइप निपलमधून (टोकात बसवलेल्या जोडणीच्या नळीतून) बाहेर पडल्या पडल्या मुरडतोय. तिथं सरळ निपल असेल तर ४५ किंवा ९० अंशाचं बाकदार निपल घ्या. फेरूलनंतर पाइपच्या जाडीच्या दीड-दोन पट तरी भाग सरळ गेला पाहिजे, वळण त्याच्या पुढं. मध्येच फुटलाय, वरचं रबर सपाट घासलंय आणि आतल्या तारा तांबूस झाल्यात, असं असेल तर तो बूमच्या (मशीनच्या मोठ्या दांड्याच्या) कडेला नाहीतर शेजारच्या पाइपला घासतोय. तारेला पाणी लागलं की गंज, आणि गंजलेली एकेक तार तुटत गेली की उरलेल्या तारांवर दाब वाढत जातो. रबर लाकडासारखं कडक होऊन वाकवल्यावर तडकत असेल तर तेल फार तापतंय. मग पाइप सोडून ऑइल कूलरची जाळी साफ करा. हे बहुतेक पाइप तेलाच्या १०० अंश सेल्सिअस तापमानापर्यंतच टिकायला बनवलेले असतात. आणि पाइप शाबूत, पण फेरूलमधून अख्खा सुटून आला असेल, तर तो दोष प्रेस करणाऱ्याचा. पाइप निपलवर पूर्ण बसवला नव्हता किंवा फेरूल मापापर्यंत दाबलं नव्हतं. अशा वेळी पैसे परत मागा.

तुमच्या बाबतीत मला जास्त संशय पिळाचा आहे. पाइपच्या अंगावर लांबीभर छापलेली एक ओळ असते. मशीनवर बसवलेल्या पाइपची ती ओळ सरळ जाते का बघा. दोरीच्या पिळासारखी फिरत गेली असेल तर नट आवळताना पाइपही फिरला आहे. आपल्याकडं एकाच पान्यानं नट आवळायची सवय आहे. दुसऱ्या पान्यानं निपल धरून ठेवायचं असतं, ते कुणी करत नाही. पिळलेल्या पाइपमध्ये दाब आला की तो उलगडायला बघतो, पुन्हा पिळतो, दिवसभर हेच चालतं. तारा फेरूलपाशी तुटतात.

लांबीसुद्धा तपासा. जुन्या, ताणून बसवलेल्या पाइपचंच माप देऊन नवा करून घेत असाल तर चूक तशीच पुढं चालू राहते. डिपर पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत, दोन्हीकडं नेऊन माप घ्या आणि थोडी सैल ठेवा. दाब आल्यावर पाइप लांबीत ४ टक्क्यांपर्यंत आखडू शकतो, म्हणजे मीटरभर पाइप चार सेंटिमीटर. ताणून बसवलेला असेल तर ते चार सेंटिमीटर निपलमधून ओढून घेतो.

डबल वायर फुटतोय तर फोर वायर टाकू का? की अर्ध्याऐवजी पाऊण इंची? — त्याच पत्रातला दुसरा प्रश्न

जाड म्हणजे मजबूत हा समज आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या लोकांचा असतो. आकडे बघा. ‘२ एसएन’ छापलेला डबल वायर पाइप अर्धा इंची असेल तर २७५ बार (बार हे दाबाचं माप) कामाचा दाब घेतो, पाऊण इंची २१५ आणि एक इंची फक्त १६५. रचना तीच, तारेची जाळी दोन पदरीच, पण आतला घेर वाढला की भिंतीवर ताण जास्त येतो. बॅकहोचा दाब साधारण २०० ते २५० बारच्या घरात असतो, म्हणजे अर्धा इंची डबल वायर तिथं पुरेसा आहे. सिंगल वायर, ‘१ एसएन’, बाहेरून जवळपास तसाच दिसतो आणि १६० बारचा असतो. घाईत तो माथी मारला जाऊ शकतो, म्हणून छापील ओळ वाचल्याशिवाय पाइप कापू देऊ नका.

फोर वायरचा अर्धा इंची, ‘४ एसपी’, ४१५ बार घेतो. पण तो ताठ असतो. डबल वायर १८० मिलिमीटरच्या त्रिज्येत वळतो, फोर वायरला २३० लागतात. जिथं डबल वायरच मुरडून फुटतोय तिथं त्याहून ताठ पाइप घालून काय साधणार? वीस टनी पोकलेनचा दाब ३५० बारच्या आसपास जातो, तिथं बूमच्या जाड पाइपला चार पदरी जाळी हवीच, आणि एक इंचीला तर ‘४ एसएच’, जो ३८० बार घेतो. तुमच्या मशीनला नको.

दादा, मी पोकलेनवर हेल्पर आहे. पाइपमधून बारीक फवारा उडतो पण भोक दिसत नाही. आमचे ऑपरेटर पाइपवरून हात फिरवून शोधतात. हातमोजे घातले तर चालतंय ना? — चंदगड

नाही चालत. चामडी मोजेसुद्धा नाही. हा प्रश्न विचारलास हे फार बरं केलंस, आणि हे उत्तर ऑपरेटरलाही वाचून दाखव.

ट्रकच्या टायरात आठेक बार हवा असते. तुझ्या पाइपमध्ये त्याच्या तीस-चाळीस पट दाब आहे, आणि तो सुईएवढ्या भोकातून बाहेर पडतोय. तेल कातडी फोडून आत जातं. बाहेरून काटा टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत तेल बोटाच्या नसांच्या कडेनं तळव्याकडं पसरत राहतं. काही तासांत हात सुजून काळानिळा पडतो आणि उशीर झाला तर बोट, कधी हातसुद्धा कापावा लागतो. असं झालं तर मलमपट्टीच्या दवाखान्यात थांबू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात लगेच जायचं, आणि ‘दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे. तेलाच्या डब्यावरच्या लेबलाचा फोटो सोबत न्यायचा.

भोक शोधायचं तर पुठ्ठ्याचा मोठा तुकडा लांब काठीला बांध, चष्मा घाल, आणि पुठ्ठा पाइपजवळून फिरव. ओला डाग कुठं पडतो ते दिसतं. पाइप सोडायच्या आधी बकेट जमिनीला टेकव, इंजिन बंद कर, चावी ऑनवर ठेवून सेफ्टी लिव्हर खाली घे आणि दोन्ही लिव्हर चारी बाजूंना फिरव, म्हणजे अडकलेला दाब निघतो. टाकीचं झाकण सावकाश सैल कर. बकेट हवेत ठेवून नट सैल करणारे महाभाग मी पाहिलेत. तसं कुणी करत असेल तर बूमखाली उभा राहू नकोस, मग तो मालक का असेना.

खडी क्रशरवर पाइप घासू नयेत म्हणून आम्ही सायकलची ट्यूब गुंडाळून तारेनं बांधतो. बरोबर का? — वाघोली

ट्यूबच्या आत खडीची भुकटी आणि पाणी साठतं आणि पाइप घासला जातो तो आतूनच, कुणाला न दिसता. वर बांधलेली तार रबरात रुतते ती वेगळीच. प्लास्टिकचा स्पायरल गार्ड किंवा नायलॉनची बाही मिळते, ती घाला. पण त्याआधी सुटलेले क्लॅम्प परत लावा. क्रशरवरच्या निम्म्या मशिनांचे क्लॅम्प पहिल्या दुरुस्तीतच हरवलेले असतात, आणि पाइप घासायची सुरुवात तिथूनच होते.

दुकानदार जुन्या साठ्यातला पाइप निम्म्या भावात देतोय. वापरलेला नाही. घ्यावा का? — नांदेड

अंगावर तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं, ‘३क्यू२२’ म्हणजे २०२२ सालची तिसरी तिमाही. जर्मन ‘डीआयएन २००६६’ या मानकात नुसता पाइप साठ्यात चार वर्षांपर्यंत आणि निपल प्रेस केलेला दोन वर्षांपर्यंत चालेल, वापर धरून एकूण सहा, असा हिशेब आहे. अमेरिकी पद्धत साठ्याच्या बाबतीत याहून सैल आहे. मी जर्मन हिशेबानं चालतो, कारण आपल्याकडचा साठा पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढतो. तारीख पुसलेली किंवा खरवडलेली असेल तर फुकटही घेऊ नका. तारीख ठीक असेल तर कापलेलं टोक बोटांनी दाबून बघा. आतलं रबर मऊ आणि तारेला चिकटलेलं हवं.

नवा पाइप टाकल्यावर दोन दिवसांत वॉल्वचा स्पूल (आत सरकणारा दांडा) अडकायला लागला. संबंध असेल का? — एक ऑपरेटर, शिरूर

बहुधा आहे. पाइप घासचाकानं कापला की रबराची आणि तारेची बारीक पूड आतच राहते. नुसती हवा मारून ती निघत नाही. कापल्यावर हवेच्या दाबानं स्पंजची गोळी आरपार मारायची, मग निपल प्रेस करायचं आणि दोन्ही टोकांना टोप्या लावूनच गिऱ्हाइकाला द्यायचा. टोप्या नसलेला पाइप टपावर बांधून नेला असेल तर रस्त्याची धूळही त्यात आली. आता रिटर्न फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून आत चमचमणारा कीस दिसतो का ते बघा. दिसला तर स्पूल कुशल माणसाकडून खोलून धुऊन घ्या. लिव्हरला जोर लावून चालवाल तर स्पूलला ओरखडे पडतील, आणि मग पाइपच्या खर्चावर वॉल्वचा खर्च येईल.